सुभेदाराचं म्हणणं

कुत्र्याविरुद्ध तक्रार आली, की सबनीस नाना आधी कुत्र्याचं म्हणणं ऐकून घेतात. त्यासाठी ते तक्रारदाराच्या घरी जातात, चप्पल दाराबाहेर काढतात, खुर्ची नाकारतात आणि कुत्र्याकडे अंग तिरपं करून जमिनीवर बसतात. मग काहीच करत नाहीत. अर्धा तास, कधी पाऊण तास. घरातल्यांनी तेवढा वेळ बोलायचं नाही, अशी अट असते. नानांचं वय एकाहत्तर आहे आणि गुडघे दुखतात. उठताना त्यांना दोन माणसं लागतात, पण बसताना ते कोणाचा हात धरत नाहीत. "दोघांनी धरून बसवलं तर त्याला वाटेल, याला पकडून आणलंय," असं त्यांचं म्हणणं.

नाना चौतीस वर्षं कनिष्ठ न्यायालयात पेशकार होते. न्यायाधीशांच्या समोर खालच्या टेबलाशी बसून फायली पुढे करणं, कोण हजर आहे ते लिहिणं आणि पक्षकारांना पुढची तारीख सांगणं हे पेशकाराचं काम. निवृत्त झाल्यावर हे काम सुटलं, भाषा सुटली नाही. कुत्र्याकडच्या भेटीला ते पेशी म्हणतात. प्रत्येक पेशीची नोंद एका लांबट वहीत होते. गल्लीत कोणी कुत्र्याबद्दल काही बोललं, की नाना एकच प्रश्न विचारतात, "दुसरी बाजू ऐकली का?"

ते ग्वाल्हेरला शिंदे की छावनीत आमच्या समोरच्या घरात वरच्या मजल्यावर राहतात. पत्नीला जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा हैदराबादला असतो. मी एका हिंदी दैनिकातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. अजूनही अधूनमधून त्यांना छोट्या बातम्या देतो. मला वेळ आहे आणि वही-पेन बाळगायची सवय आहे, एवढ्या पात्रतेवर नानांनी मला साक्षीदार नेमलं. त्यामुळे पुढचं बहुतेक मी स्वतः पाहिलेलं आहे.

पेशीच्या दिवशी नाना साबण लावत नाहीत. पावडर, तेल, अत्तर, काहीच नाही. "आपण भेटल्यावर नाव सांगतो, त्याला वास सांगावा लागतो," ते म्हणतात. "साबण लावून जाणं म्हणजे खोट्या नावाने हजर होणं." कुत्र्याने पंजा देणं हा प्रकार त्यांना नापसंत आहे. जयेंद्रगंजातल्या एका गृहस्थांनी कौतुकाने आपल्या कुत्र्याला "नानांना शेकहँड कर" म्हटलं, तेव्हा नाना म्हणाले, "ओळख होण्याआधी सही कशाला घेता त्याची?"

त्याच गृहस्थांच्या कुत्र्याने जिना चढणं बंद केलं होतं. म्हातारा झाला, असं सगळे म्हणत. कुत्रा चार वर्षांचा होता. नाना दुपारी दोनला गेले आणि जिन्याच्या तळाशी गुडघ्यांवर आणि तळहातांवर टेकून वर बघत राहिले. वरून घरातल्या काकूंनी ते पाहिलं. सबनीस पडले असं समजून त्यांनी आधी शेजाऱ्यांना आणि मग डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर आले तेव्हा नाना त्याच अवस्थेत होते. त्यांनी डॉक्टरांनाही खाली वाकायला लावलं. दोन वाजता खिडकीतलं ऊन पायऱ्यांच्या नव्या पितळी पट्ट्यांवर पडत होतं आणि एक फूट उंचीवरून वर पाहिलं तर सगळा जिना पांढरा दिसत होता. पायरी कुठे संपते तेच कळत नव्हतं. खिडकीला पडदा लागला आणि कुत्रा वर जाऊ लागला. डॉक्टरांनी नानांचा रक्तदाब तपासला. तो थोडा वाढलेला निघाला.

प्रत्येक वेळी असं यश येतं असं नाही. गोरखीकडच्या एका पॉमेरियनच्या सलग अकरा पेश्या झाल्या. शेवटी नानांनी लिहिलं, "स्वभाव." त्या पानावर दुसरं काही नाही.

ज्या माणसाला कुत्र्यांचं इतकं कळतं, त्याच्याकडे कुत्रा नाही. मी एकदा कारण विचारलं होतं. नाना दुधाच्या रांगेत होते. त्या दिवशी पेशी असल्यामुळे त्यांच्यामागचा माणूस थोडं अंतर ठेवून उभा होता.

"मी एकाहत्तरचा," ते म्हणाले. "कुत्रा बारा-चौदा वर्षं काढतो. माझ्यामागे त्याचं कोण ऐकणार?"

मग त्यांनी पातेलं पुढे केलं आणि अर्धा लिटर दूध घेतलं.

सुभेदाराचं प्रकरण दिवाळीनंतरचं. सुभेदार हा आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या जाधवांचा कुत्रा. बदामी रंगाचा, अर्धा लॅब्राडोर, अर्धा इथलाच, वय सहा. जाधवांचे पणजोबा शिंद्यांच्या फौजेत होते, म्हणून कुत्र्याला हा हुद्दा. घरात तिघं. मनोज जाधव, त्यांची पत्नी संध्या आणि चौथीतली रेवा. संध्या शाळेत शिकवते.

एका रविवारी संध्या नानांकडे आली. मी तिथेच होतो.

"नाना, आमचा सुभेदार घरात यायलाच तयार नाही," ती म्हणाली. "दोन हप्ते झाले. पूर्ण दिवस फाटकाजवळ पडून राहतो. स्वयंपाकघरात त्याचं भांडं ठेवलं तर बघत पण नाही. कधी मधेच उठून भिंतीकडे तोंड करून भुंकतो. काल यांनी पट्टा धरून आत ओढलं, तर हाताला दात लावले."

"रक्त आलं?"

"नाही. पण हे खूप चिडले. पुढच्या संडेला डबरा गावाहून मामा गाडी घेऊन येणार आहेत. शेतावर घेऊन जातील त्याला. रेवा तर रडून रडून परेशान आहे."

"दुसरी बाजू ऐकली का कोणी?"

"त्यासाठीच तर तुमच्याकडे आली ना मी."

नानांनी वही उघडली. सोमवारपासून रोज पाच वाजता पेशी आणि शनिवारी निकाल, असं ठरलं. मनोज जाधवांनी फोनवर एवढंच सांगितलं, की शनिवारपर्यंत काय ते करा, रविवारी गाडी येणार म्हणजे येणार.

सोमवारी काही घडलं नाही. नाना अंगणात तिरपे बसले. सुभेदार फाटकाशी होता. वीस मिनिटांनी तो उठला, नानांच्या पाठीमागून आला, त्यांची कोपरं आणि तळपाय हुंगले आणि परत जागेवर गेला. "हजेरी लागली," नाना पुटपुटले. मग संध्याने चहा आणि पोहे आणले. रेवा नानांसमोर उकिडवी बसली.

"नाना, तो मला पण विसरला आहे का?"

"तू बाहेर आलीस की शेपूट हलवतो का?"

"हो."

"मग तुझ्यावर त्याची तक्रार नाही. तक्रार घरावर आहे."

"घर तर तेच आहे, सेम टू सेम."

"तुझ्यासाठी," नाना म्हणाले. "आपण डोळ्यांनी घरात राहतो. तो नाकाने आणि कानाने राहतो. पत्ता एकच, घरं दोन."

मंगळवारी मला एका लग्नाला जायचं होतं, म्हणून मी गेलो नाही. बुधवारी गेलो तेव्हा नाना अंगणाऐवजी स्वयंपाकघराच्या दाराशी बसलेले दिसले. रेवा त्यांच्याकडून भागाकार समजून घेत होती. संध्या तव्यावर थालीपीठ लावत होती. सुभेदार फाटकाशीच होता. मी विचारलं, "काही प्रगती?" नाना म्हणाले, "साक्षी-पुरावे चालू आहेत."

गुरुवारी मनोज लवकर घरी आले. नाना मेथीचे पराठे खात होते. मनोजनी एकदा पराठ्याकडे पाहिलं, एकदा बाहेरच्या कुत्र्याकडे.

"नाना, राग नका मानू, पण हे चाललंय काय? तुमची पेशी रोज होते आणि तो तिथल्या तिथे."

"घाईने निकाल दिला तर अन्याय होतो."

"मामांचा फोन होता. गाडी उद्या पण रिकामी आहे त्यांची. मी बोलतो त्यांना, उद्याच या. कशाला दोन दिवस अजून ओढायचं?"

रेवा म्हणाली, "पापा, प्लीज यार," आणि आत निघून गेली. मनोजनी खिशातून फोन काढला. नानांनी घास ताटात परत ठेवला.

"शनिवारपर्यंत मुदत दिली आहे," ते म्हणाले. "मुदत दिली की मोडत नाहीत."

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण बारीक झाला होता. मनोज फोन करायला बाहेर गेले. गाडी रविवारीच आणा, असं त्यांनी सांगितलेलं आम्हाला ऐकू आलं. नानांनी उरलेला पराठा खाल्ला नाही. मला ते वागणं कुत्र्याच्या काळजीचं वाटलं. माझा तो अंदाज चुकीचा नव्हता, फक्त अपुरा होता.

शनिवारी पाचला सगळे हजर होते. मनोज हाताची घडी घालून दाराशी उभे. नानांनी संध्याला फ्रिज बंद करायला सांगितलं. घरघर थांबली. आम्ही पाच मिनिटं सुभेदाराकडे पाहत राहिलो. त्याने कान हलवला आणि डोकं पंज्यांवर ठेवलं.

"फ्रिज निर्दोष," नाना म्हणाले. "सुरू कर. पत्रकारसाहेब, आता फ्रिजमागे एक पांढरी डबी लावलेली आहे प्लगला, निळा दिवा असलेली. ती काढा. रेवा, तशीच एक टीव्हीमागे आहे. ती तू काढ."

मी हात घालून डबी उपटली, रेवाने टीव्हीमागची. निळा दिवा विझला. आम्हा माणसांना फरक काहीच कळला नाही. घर आधी होतं तितकंच शांत होतं. पण सुभेदाराचं डोकं वर आलं. तो उठला, उंबऱ्याशी येऊन थांबला, एक पाय आत ठेवला, काढला, परत ठेवला. मग भिंतीच्या कडेकडेने स्वयंपाकघरात गेला आणि भांड्यातलं पाणी प्यायला लागला. बराच वेळ पीत होता. रेवा त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

मनोजनी माझ्या हातातली डबी घेतली. "हे तर उंदीर पळवायचं मशीन आहे. दिवाळीच्या सफाईत उंदीर निघाले म्हणून मीच मागवलं, ऑनलाइन. डब्यावर साफ लिहिलंय, आवाज येत नाही."

"कोणाला येत नाही, तेही लिहिलं असेल," नाना म्हणाले.

मनोजनी कपाटातून डबा शोधून आणला आणि बारीक अक्षरं मोठ्याने वाचली, 'माणसांना ऐकू येत नाही.' वाचून झाल्यावर ते बाहेर गेले आणि मामांना फोन लावला. "मामा, उद्या नका येऊ. नाही नाही, तब्येत ठीक आहे त्याची. आमच्याच घरात गडबड होती, वायरिंगची." मग ते आत आले, सुभेदाराच्या मागे उकिडवे बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. सुभेदाराने पिणं थांबवलं नाही.

या डब्यांबद्दल चार ओळींची बातमी द्यावी असं मला वाटलं. कुत्रे पाळणाऱ्या अनेक घरांत त्या असू शकतात. त्याच संध्याकाळी मी नानांकडे गेलो आणि वही मागितली. बातमीत वेळा बरोबर हव्यात. नानांनी वही देताना जरा हात आखडता घेतला. मला वाटलं, अक्षराची लाज वाटत असेल.

मंगळवारचं पान मी दोनदा वाचलं.

"नाना, मंगळवारी वीज पाच दहाला गेली असं लिहिलंय."

"हो. गेली होती."

"पाच बाराला सुभेदार आत आला, संध्या आणि रेवा तेव्हा बाजारात. स्वयंपाकघरात जाऊन बसला. पाच चाळीसला वीज आली, पाच चाळीसलाच तो बाहेर."

"लिहिलंय ना."

"खाली लिहिलंय, घरातले दिवे इन्व्हर्टरवर चालू होते, फ्रिजकडचा प्लग बंद. त्याखाली, फ्रिजमागे निळा दिवा, टीव्हीमागे निळा दिवा."

मी पान उलटलं. बुधवारच्या नोंदीत कुत्रा नव्हता. थालीपिठावर लोणी होतं, रेवाला बाकी उरणारा भागाकार जमला होता, आणि संध्याने 'उद्या मेथी आणते, पराठे चालतील ना' असं विचारल्याची वेळ होती, पाच पंचेचाळीस. गुरुवारी रेवाने चित्र दाखवलं होतं. शुक्रवारी संध्याने तिच्या आईची जुनी गोष्ट सांगितली होती, ती दीड पान भरून होती.

"तुम्हाला मंगळवारीच कळलं होतं," मी म्हणालो. बातमीदाराची ही वाईट सवय आहे. जे दोघांना दिसतंय ते मोठ्याने म्हणून दाखवायचं.

"कोर्टात काही माणसं यायची," नाना म्हणाले. "त्यांच्या प्रकरणात काही राहिलेलं नसायचं. वकीलही येत नसे. ती मात्र तारखेला हजर. बाकावर बसायची, शेजारच्याशी बोलायची, चार वाजता घरी जायची. मला हसू यायचं त्यांचं." त्यांनी माझ्या हातातल्या वहीकडे बोट केलं. "उद्या काय करू, चालेल ना, असं कोणी विचारत नाही हो मला. मुलगा फोन करतो. जेवलात का विचारतो. पण ते झालेल्या जेवणाचं असतं."

मी वही मिटली.

"पण ते जाऊ द्या," ते म्हणाले. "चार दिवस त्याला ते ऐकावं लागलं. मी आत बसून खात होतो, तो फाटकाशी, आणि मला माहीत होतं. गुरुवारी मनोजने गाडी बोलावली असती तर? मी तेव्हाही बोललो नाही. मुदतीचं बोललो. बातमी द्यायची तर पूर्ण द्या."

मी बातमी दिली नाही. चार ओळींत ती पूर्ण बसत नव्हती.

रविवारी सकाळी नऊला नानांनी मला हाक मारली आणि जाधवांकडे चला म्हणाले. संध्या अंगणात कपडे वाळत घालत होती. सुभेदार उघड्या दारात, अर्धा आत अर्धा बाहेर, झोपला होता. नानांनी प्रस्तावना केली नाही. मंगळवारी काय दिसलं आणि त्यांनी ते का सांगितलं नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. थालीपिठाचाही उल्लेख केला. एवढ्या छोट्या आणि एवढ्या अडचणीच्या जबानीत त्यांनी काही गाळलं नाही, हे मी वही वाचलेली असल्यामुळे सांगू शकतो.

संध्याच्या हातात रेवाच्या शाळेचा ओला फ्रॉक होता. तो तसाच राहिला.

"म्हणजे मंगळवारीच कळलं होतं."

"मंगळवारीच."

"गुरुवारी हे मामांना फोन करत होते, तेव्हा पण?"

"तेव्हा पण."

"रेवा रोज रडत झोपायची, नाना."

"हो."

"हे चांगलं नाही केलं तुम्ही."

"नाही केलं," नाना म्हणाले.

तिने फ्रॉक झटकला, दोरीवर घातला, चिमटा लावला. दुसरा चिमटा लावला. मग आमच्याकडे न बघता बोलू लागली.

"मी शाळेतून साडेचारला येते. मग रेवाचा अभ्यास, स्वयंपाक. यांचं तर तुम्हाला माहीतच आहे. सुभेदारला फिरवायला या घरात कोणाजवळ टाइम नाही. उद्यापासून पाच वाजता येत जा तुम्ही. रोज. सुट्टी नाही मिळणार."

नानांनी मान हलवली. मग विचारलं, "किती दिवस?"

"ते बघू नंतर," संध्या म्हणाली आणि बादलीतला पुढचा कपडा उचलला.

आता मे महिना चालू आहे. पाच वाजता ग्वाल्हेरचा डांबरी रस्ता इतका तापलेला असतो, की फिरायची वेळ साडेसातवर गेली आहे. नाना मात्र पाचलाच येतात. मधला वेळ ते रेवाच्या सुट्टीच्या अभ्यासात काढतात. साडेसात वाजले, की सुभेदार फाटकाशी जाऊन उभा राहतो. नाना पट्टा हातात घेतात, उजवी चप्पल काढतात आणि अनवाणी पाऊल रस्त्यावर टेकवून मनात वीसपर्यंत मोजतात. कधी वीस होतात. कधी बारालाच ते पाय उचलतात, चप्पल घालतात आणि सुभेदाराला म्हणतात, "अजून नाही, थांब जरा." मग दोघं फाटकाच्या आत उभे राहून रस्ता निवायची वाट बघतात.